तुमचा प्रश्न : कप्पा म्हणजे जंतू नव्हे

पोळ्याच्या आधीच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की अँटिबॉडी, म्हणजे जंतूला किंवा विषाला धरणारं रक्तातलं प्रथिन, चार साखळ्यांची असते आणि त्या साखळ्यांची वर्गवारी कधीतरी सांगेन. ती ओळ मला चांगलीच महागात पडली. दारव्ह्याच्या पोस्टातून गठ्ठा आला, काहींनी तर फोनवर रिपोर्टांचे फोटोच पाठवले. मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगते. ३५ वर्षं सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या, जे दिसलं ते रजिस्टरात लिहिलं, तेवढ्याच हक्काने उत्तरं देते. या खेपेला जागा जास्त मागितली होती. संपादकांनी कुरकुरत दिली.

प्रश्न : ताई, रामराम. माह्या बावाची कंबर सा महिन्यापासून दुखून राह्यली. रक्तबी कमी सांगतलं. नागपूरले नेलं त रिपोर्टात कप्पा १२४० अन् लॅम्बडा ९ आलं. डॉक्टरनं पुढच्या आठवड्यात बलावलं. गावात कोणी म्हणते, कप्पा नावाचा जंतू हाडात शिरला. हे कप्पा कुठून आलं? अन् दोन्ही आकडे खराब हायेत का एकच?
— एक शेतकरी, ता. घाटंजी

उत्तर : भाऊ, आधी त्या जंतूला गावाच्या वेशीबाहेर काढू. कप्पा तुमच्या बाबांच्या रक्तात आहे तसा तुमच्या रक्तात आहे, माझ्या आहे, आणि ती बातमी पसरवणाऱ्याच्याही आहे.

अँटिबॉडीचा आकार बेचकीसारखा. तिच्यात दोन जड साखळ्या असतात, दोन हलक्या. जड साखळीचं वजन साधारण ५०,००० डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं माप), हलकीचं त्याच्या निम्मं. जड साखळ्या पाच प्रकारच्या : गॅमा, म्यू, अल्फा, डेल्टा, एप्सिलॉन. अँटिबॉडीचा वर्ग ठरतो तो या जड साखळीवरून. गॅमा असेल तर आयजीजी, म्यू असेल तर आयजीएम, अल्फाची आयजीए, डेल्टाची आयजीडी, एप्सिलॉनची आयजीई. हलक्या साखळीचे प्रकार दोनच, कप्पा आणि लॅम्बडा. एका अँटिबॉडीतल्या दोन्ही हलक्या साखळ्या सारख्याच असतात, कारण ती विणणारी पेशी आयुष्यभर एकच हलकी साखळी विणते. एकदा कप्पा धरली की कप्पाच.

या पेशी हाडाच्या आत, मज्जेत बसलेल्या असतात. त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतात. त्या हलक्या साखळ्या गरजेपेक्षा थोड्या जास्तच काढतात आणि उरलेल्या मोकळ्या साखळ्या रक्तात येतात. तुमच्या रिपोर्टात मोजल्यात त्या या मोकळ्या साखळ्या. निरोगी माणसात मोकळी कप्पा लिटरमागे ३.३ ते १९.४ मिलिग्रॅम, लॅम्बडा ५.७ ते २६.३. म्हणजे बाबांचा लॅम्बडाचा ९ हा आकडा ठीकच आहे. पण डॉक्टर नुसता आकडा पाहत नाहीत, कप्पाला लॅम्बडाने भागतात. ते उत्तर ०.२६ ते १.६५ च्या मध्ये यायला हवं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर थोडी सूट देतात, ३.१ पर्यंत. तुमचं उत्तर १३८ च्या आसपास येतं. तुरीच्या तासात गाजरगवताचं एकच झाड राहावं आणि त्याच्याच बियांनी पुढच्या वर्षी अख्खं वावर भरावं, तसं एकाच पेशीची पिलावळ वाढली की सगळ्या जणी तीच एक साखळी विणत बसतात. म्हणून एक आकडा आभाळाला आणि दुसरा जागच्या जागी. या दुखण्याला मल्टिपल मायलोमा म्हणतात, प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. बाबांना तेच आहे का, हे मज्जेची तपासणी, हाडांचे फोटो, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पाहून डॉक्टरच सांगतील.

आता माझ्याच हातची एक चूक सांगते. साल १९८९. आमच्याकडे तेव्हा स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा आणि असिटिक ॲसिडची बाटली, एवढाच संसार. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई लघवीच्या तपासणीला आल्या. तक्रार कमरेचीच. लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) पाहायचं तर नळीचा वरचा भाग ज्योतीवर धरायचा आणि खालचा गार ठेवायचा, म्हणजे गढूळपणा तुलनेने दिसतो. नळी धरली. वर दुधाची साय धरावी तसा पांढरा पडदा आला. तेवढ्यात दारात कोणीतरी हाक मारली, मी मान वळवली, नळी ज्योतीवरच राहिली. परत पाहते तर उकळी फुटलेली आणि पाणी स्वच्छ. मला वाटलं, मघाशी वाफच दिसली असावी. रजिस्टरात लिहिलं : अल्ब्युमिन नाही. नळी मोरीत ओतली.

अल्ब्युमिन तापवल्यावर गोठतं आणि उकळलं तरी गोठलेलंच राहतं, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं. मोकळ्या हलक्या साखळीची चाल उलटी. ४० ते ६० अंशांच्या दरम्यान ती साकळते, उकळीला विरघळते आणि नळी निवू लागली की पुन्हा साकळते. मी ती नळी पाच मिनिटं स्टँडवर निवू दिली असती तर पडदा परत आला असता. आठ महिन्यांनी त्या बाई मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आल्या, तेव्हा मला ते कळलं. तेव्हापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी उकळलेली नळी निवल्याशिवाय ओतली नाही. नंतर लघवीत बुडवायच्या रंगीत पट्ट्या आल्या. त्या मुख्यत्वे अल्ब्युमिनच ओळखतात, हलकी साखळी त्यांना चुकवून जाते. ‘पट्टी नॉर्मल होती’ असं कोणी सांगितलं तर एवढं ध्यानात असू द्या.

हा उलटा खेळ जगाने पहिल्यांदा पाहिला तो लंडनमध्ये, १८४५ साली. पंचेचाळीस वर्षांचा एक व्यापारी, हाडं दुखून बेजार. त्याच्या लघवीची नळी हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरकडे पोचली, सोबत दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीत लक्षणं सांगून शेवटी विचारलं होतं : हे काय आहे? म्हणजे पत्रातून प्रश्न विचारायची रीत तुमचीच नाही. उत्तर यायला मात्र ११७ वर्षं लागली. १९६२ मध्ये एडेलमन आणि गॅली यांनी दाखवलं की बेन्स जोन्सचं ते प्रथिन म्हणजे अँटिबॉडीची सुटी हलकी साखळी. त्याआधी १९५६ मध्ये कॉर्नगोल्ड आणि लिपारी यांनी अशी प्रथिनं तपासून त्यांचे दोन गट पाडले होते. कॉर्नगोल्डच्या ‘क’वरून कप्पा, लिपारीच्या ‘ल’वरून लॅम्बडा. तुमच्या रिपोर्टातली ही दोन विचित्र नावं म्हणजे दोन माणसांच्या आडनावांची आद्याक्षरं.

एक कामाचं. पुढच्या भेटीपर्यंत कमरेसाठी दुकानातून आणलेल्या दुखणं थांबवायच्या गोळ्या बाबांना देऊ नका. या साखळ्या मूत्रपिंडात जाऊन अडकतात आणि त्या गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. दुखणं असह्य झालं तर त्याच डॉक्टरांना फोन करा. पाणी भरपूर पाजा, पण हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं काही आधीपासून असेल तर किती पाजायचं ते विचारूनच. आणि चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली तर सकाळची पहिली टाकून द्या, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरा. लोक हमखास इथेच चुकतात.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. सिकलसेलच्या प्रशिक्षणात हिमोग्लोबिनच्या अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा साखळ्या शिकवल्या. तुमच्या सदरात अँटिबॉडीच्याही अल्फा, गॅमा, डेल्टा. आमच्या पुस्तकात ‘गॅमा ग्लोब्युलिन’ असाही शब्द आहे. हे सगळं एकच का?
— ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : बाई, नाही. अन् तुमचा गोंधळ झाला यात तुमचा काही दोष नाही, नावं ठेवणाऱ्यांचा आहे.

आमच्या गावात चार पांडुरंग आहेत. एक पाराजवळचा, एक गिरणीवाला, एक मास्तरांचा आणि एक नुसताच पांडुरंग. हाक मारताना घर सांगावं लागतं. ग्रीक मुळाक्षरं तशीच. ज्याला दोन-चार गोष्टी ओळीने लावायच्या होत्या त्याने अल्फापासून सुरुवात केली, शेजाऱ्याने ती आधीच वापरलीत का हे पाहिलं नाही.

हिमोग्लोबिन तांबड्या पेशीच्या आत असतं. त्यातल्या प्रथिनाचं नाव ग्लोबिन. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या, पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन गॅमा, आणि तुमच्या रिपोर्टात ‘ए-टू’ असतं त्यात दोन अल्फा, दोन डेल्टा. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतलं सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल, म्हणजे साखळीतला एक मणी, बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. इथे मजा अशी की हिमोग्लोबिनलाही चार साखळ्या आणि अँटिबॉडीलाही चार, म्हणून चित्रं शेजारी लावली तर घोटाळा पक्का. पण ग्लोबिनच्या साखळीचा घाट वेगळा, पेशी वेगळी, काम वेगळं. नात्यागोत्याचा संबंध नाही.

गॅमा ग्लोब्युलिन हा तिसराच पांडुरंग. रक्तातल्या पाण्यावर विजेचा प्रवाह सोडला की प्रथिनं वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि त्यांचे पट्टे पडतात. टिसेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये हे करून पट्ट्यांना अल्फा, बीटा, गॅमा अशी नावं दिली. १९३९ मध्ये त्याने आणि काबाट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की अँटिबॉडी मुख्यत्वे गॅमाच्या पट्ट्यात असतात. सिकलसेलची इलेक्ट्रोफोरेसिस तुम्ही पाहिली असेल, एसएस आणि एएस पॅटर्नच्या रेघा. तत्त्व तेच, फक्त तिथे हिमोग्लोबिन सरकतं. पुढे अँटिबॉडीच्या जड साखळीला याच पट्ट्यावरून गॅमा म्हणू लागले. आणि टी-पेशी (टी-सेल) या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या रिसेप्टरच्या, म्हणजे त्यांच्या अंगावरच्या पकडीच्या, चार साखळ्यांना परत अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा! तेव्हा ‘गॅमा’ ऐकलं की आधी विचारायचं, कोणाच्या घरचा?

प्रश्न : डेंग्यूच्या कार्डावर एम आणि जी अशा दोन रेघा असतात. जी म्हणजे जास्त गंभीर का?
— दिग्रस

उत्तर : नाही. आयजीएम ही साधारण ताजी खूण, ताप आल्यावर पाचेक दिवसांनी दिसू लागते. आयजीजी मागाहून येते आणि पुष्कळ काळ राहते. ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याला दुसऱ्या खेपेला मात्र जी झपाट्याने चढते. म्हणून कार्डाच्या रेघा तापाच्या दिवसासोबत वाचायच्या. सुटी रेघ घेऊन घाबरू नका, सुटी रेघ पाहून निर्धास्तही होऊ नका. म्यू साखळीची अँटिबॉडी रक्तात पाच-पाचच्या जुडग्यात असते, दहा हातांची. पहिल्या धावपळीला ती बरी पडते.

प्रश्न : ताई, मी पुसद तालुक्यातली, नागपूरला एम.एस्सी. करते. गाईच्या अँटिबॉडी आणि टी-सेल रिसेप्टरच्या साखळ्यांचे (त्यांतल्या अमिनो आम्लांचे) क्रम संगणकावर वर्गवारीने लावायचं काम दिलंय. मी लिहिलेला प्रोग्रॅम माणसाच्या आणि उंदराच्या साखळ्या बरोबर लावतो, पण गाईच्या काही जड साखळ्या ‘अँटिबॉडी नाही’ म्हणून फेकून देतो. सर म्हणतात क्रमच खराब असतील. मला तसं वाटत नाही.

उत्तर : बाळा, मलाही वाटत नाही. तू प्रोग्रॅममध्ये लांबीची मर्यादा घातली असशील, आणि शिवाय दुसरं सिस्टीन (हेही एक अमिनो आम्ल) शोधायचा नियम कच्चा असेल. मला संगणक येत नाही, पण साखळीची ओळख कुठे पाहायची ते सांगू शकते.

माझे वडील जिनिंगवर होते. मूठभर कापूस घेऊन दोन्ही हातांच्या चिमटीत ओढायचे, धागा अंगठ्याच्या नखावर लावून लांबी सांगायचे. पण ते म्हणायचे, लांबीने भाव ठरतो, वाण ठरत नाही. वाण पाहायचा तर पऱ्हाटीपाशी जायचं. तुझ्या साखळ्यांचंही तसंच आहे.

प्रत्येक साखळीच्या टोकाचा बदलता भाग, म्हणजे जिथे दर साखळीगणिक क्रम वेगळा, साधारण ११० अमिनो आम्लांचा. आत साखळीच्याच घड्यांच्या दोन चादरी समोरासमोर, आणि त्यांना टाचणारी एक सिस्टीनची जोडी. मधे एक ट्रिप्टोफॅन, तेही अमिनो आम्लच. फ्रान्समधल्या माँपेलिएला मारी-पॉल लफ्रां यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या आयएमजीटी या साखळ्यांच्या माहितीसाठ्याच्या मोजणीत ही ठिकाणं पक्की आहेत : पहिलं सिस्टीन २३, ट्रिप्टोफॅन ४१, दुसरं सिस्टीन १०४. जड असो, कप्पा असो, लॅम्बडा असो की टी-सेलची अल्फा-बीटा असो, आकडे तेच. काबाटच्या जुन्या मोजणीत तसं नाही. तिथे जड साखळीत सिस्टीन २२ आणि ९२ वर, हलकीत २३ आणि ८८ वर. तुझे सर काबाट वापरत असतील आणि तुझा प्रोग्रॅम आयएमजीटी, तर वहीत वर मोठ्या अक्षरात लिहून ठेव कुठला आकडा कुठल्या मोजणीतला. यावरून भांडणं होतात.

आता गाय. बदलत्या भागाला तीन फास असतात, आणि गाईच्या काही जड साखळ्यांत त्यातला तिसरा अतिशय लांब असतो, साठच्याही वर अमिनो आम्लं. माणसात तो पंधराच्या आसपास. हे आजारी किंवा खराब क्रम नव्हेत, गोठ्यातल्या धडधाकट गाईत असतात. त्या फासातून एक दांडा वर येतो आणि टोकाला गाठ असते, आणि त्या गाठीत स्वतःची वेगळी सिस्टीनं असतात, एकमेकांना टाचलेली. तुझा प्रोग्रॅम ‘शेवटचं सिस्टीन म्हणजे १०४’ असं धरत असेल तर तो गाठीतलं सिस्टीन पकडतो आणि पुढचा सगळा हिशेब कोलमडतो. काबाटच्या पद्धतीत जास्तीच्या जागांना १००ए, १००बी अशी अक्षरं लावतात, तर गाईपाशी इंग्रजी बाराखडीच संपते. आयएमजीटीत १११ आणि ११२ च्या मधे १११.१, ११२.१ असे उपआकडे घालतात, तिथे जागा पुरते.

मग धरायचं काय? पहिल्या सिस्टीनपासून पुढे जा, ट्रिप्टोफॅन पाहा, आणि दुसऱ्या सिस्टीनसाठी ज्याच्या अलीकडे बहुतेकदा टायरोसिनची जोडी असते ते वाय-वाय-सी शोध (वाय म्हणजे टायरोसिन, सी म्हणजे सिस्टीन). मग उडी मारून थेट फासाच्या पलीकडची खूण बघ. जड साखळीत डब्ल्यू-जी (ट्रिप्टोफॅन, ग्लायसिन), मधे कुठलंही एक, मग जी. हलक्या साखळ्यांत आणि टी-सेलच्या साखळ्यांत पहिलं अक्षर डब्ल्यूऐवजी एफ (फेनिलॲलनिन). जड की बाकीची, हा पहिला निवाडा त्या एका अक्षरावर पुष्कळदा होऊन जातो. दोन खुणांमधलं अंतर कितीही असू दे, साखळी तीच. पुढचा स्थिर, म्हणजे न बदलणारा, भाग हाताशी असेल तर प्रश्नच मिटतो. माणसाच्या कप्पाचा स्थिर भाग आर-टी-व्ही-ए-ए-पी असा सुरू होतो, लॅम्बडाचा बहुधा क्यू-पी-के-ए असा. हे माणसाचं झालं. गाईचं गाईच्या क्रमांवरूनच लाव, आणि गाईत हलक्या साखळ्या बहुतेक लॅम्बडाच निघतील. माणसात दोन कप्पांमागे एक लॅम्बडा, उंदरात जवळपास सगळ्या कप्पा. तेव्हा गाईत कप्पा कमी दिसल्या म्हणून प्रोग्रॅमला दोष देऊ नकोस.

टी-सेलच्या साखळ्यांची गंमत वेगळीच. या साखळ्यांच्या जनुकांची माणसात वेगवेगळी घरं आहेत. अँटिबॉडीची जड साखळी १४व्या गुणसूत्रावर, कप्पा २ऱ्यावर, लॅम्बडा २२व्यावर. टी-सेलची बीटा आणि गॅमा ७व्यावर, अल्फा परत १४व्यावर, आणि डेल्टाचं घर तर अल्फाच्या वाड्यातच, मधल्या चौकात. अल्फाची जुळणी झाली की मधला चौकच पाडला जातो, डेल्टा गेली. म्हणून एका पेशीत अल्फा-बीटाची जोडी किंवा गॅमा-डेल्टाची. माणसाच्या रक्तात गॅमा-डेल्टावाल्या पेशी थोड्या, पण लहान वासरात त्या भरपूर असतात. तुझे नमुने वासरांचे असतील तर तसा आकडा येईल, त्याने दचकू नकोस.

आणि ही वर्गवारी जिच्यावर उभी राहिली ती पहिली सामग्री कुठली, माहीत आहे? वरच्या पत्राच्या उत्तरात आलेल्या मायलोमाच्या रुग्णांची लघवी. निरोगी माणसाच्या अँटिबॉडी लाखो तऱ्हांच्या, त्यातून एक साखळी वेगळी काढायची कशी? मायलोमाच्या रुग्णात मात्र एकच साखळी, तीही ढिगाने. हिलश्मान आणि क्रेग यांनी १९६५ मध्ये अशाच साखळ्यांचे क्रम शेजारी मांडले आणि दिसलं की अर्धा भाग दर रुग्णात वेगळा, अर्धा तसाच्या तसा. बदलता आणि स्थिर हे शब्द तिथले. १९७० मध्ये वू आणि काबाट यांनी हलक्या साखळ्यांचे असे क्रम एकाखाली एक लिहून कुठल्या जागी किती बदल होतो ते मोजलं, तर तीन ठिकाणी शिखरं आली. तुझे तीन फास ते हेच. मी मोरीत ओतलेली नळी आठवली की मला ही शिखरं आठवतात. फेकलेले क्रम वेगळ्या फाइलीत ठेव, पुसू नकोस.

प्रश्न : सापाच्या लसीत घोड्याची अँटिबॉडी असते म्हणतात. घोड्याची माणसाला कशी चालते? माझ्या भावाला इंजेक्शननंतर अंगभर पित्त उठलं होतं.
— ता. नेर

उत्तर : दादा, काम करतो तो बेचकीचा वरचा भाग. विषाला धरायला त्याला मालकाचं नाव विचारावं लागत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं टोचून घोड्यात अँटिबॉडी तयार करतात. अँटिबॉडी कोणत्या प्राण्याची हे उघड करणारा मोठा भाग म्हणजे जड साखळीचं बुंध्याकडचं टोक. म्हणून कारखान्यात पेप्सिन या पाचक रसाने तो बुंधा कापून काढतात, दोन हात जोडलेले राहतात. तरीही जे उरतं ते घोड्याचंच, त्यामुळे कोणाकोणाला पित्त उठतं, खाज येते, दम लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी ताप आणि सांधेदुखीही होऊ शकते. म्हणून ही लस दवाखान्यातच घ्यायची, जिथे ॲड्रेनालिन (असा झटका आवरणारं औषध) भरून ठेवलेलं असतं. पित्त उठेल या भीतीने लस टाळून मांत्रिकाकडे नेणाऱ्यांचं काय होतं, ते आपण दर पावसाळ्यात पाहतो.

कापण्याची अशीच युक्ती पोर्टर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये केली, पेप्सिनऐवजी पपेनने. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे पपईचा तुकडा टाकतात, तेच ते. त्याला तीन तुकडे मिळाले, दोन हात आणि एक बुंधा. १९७२ चं नोबेल त्याला आणि एडेलमनला मिळून मिळालं.

प्रश्न : मी आठवीत आहे. तुम्ही लिहिलं की अँटिबॉडीला चार साखळ्या असतात. उंटाला दोनच असतात असं मी वाचलं. कोण खरं?
— ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

उत्तर : तू खरा. आणि मीही थोडी खरी. उंटाच्या रक्तात नेहमीची चार साखळ्यांची अँटिबॉडी असतेच, शिवाय दुसरी एक असते, नुसत्या दोन जड साखळ्यांची. हलकी साखळी नाहीच. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या विद्यापीठातल्या लोकांनी हे छापलं. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी फ्रीजरमध्ये उरलेलं उंटाचं रक्तद्रव वापरायला घेतलं आणि रेघा नेहमीच्या जागी पडेनात, तिथून सगळं सुरू झालं. उंटाच्या या साखळीचा टोकाचा तुकडा एकटाच विषाणूला किंवा विषाला धरू शकतो. तो जेमतेम १५,००० डाल्टनचा, अख्ख्या अँटिबॉडीच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणून औषधं बनवणारे त्याच्या मागे लागलेत.

आता तू विचारशील, मग त्याला कुठल्या वर्गात घालायचं? गॅमाच्या. जड साखळी गॅमाचीच आहे, म्हणून ती आयजीजीच. हलकी साखळी नसली तरी वर्ग बदलत नाही. गुरुजींना हे दाखव, पण वर्गात सगळ्यांसमोर नको. आणि दिवाळीनंतर राबारी लोक मेंढ्या-उंट घेऊन तुमच्या शिवारात उतरतील तेव्हा जवळून पाहायला जा, पण तोंडाकडून नाही. मला मालेगावजवळ एकाने ओढणी धरून ओढलं होतं.